पाण्यातला नांगर

आमच्या निलंग्याच्या शाळेत सहावीच्या वर्गाला मी इतिहास शिकवीत होतो. मराठ्यांच्या आरमाराचा धडा चालला होता. ‘गलबतांनी बेटाच्या आडोशाला नांगर टाकले,’ असे वाक्य मी फळ्यावर लिहिले, तोच मागच्या बाकावरून एक हात वर झाला. मुलगा शेतकऱ्याचा. दोन दिवसांपूर्वीच वडिलांबरोबर रानात राबून आलेला. तो उभा राहून म्हणाला, “गुरुजी, दर्यात नांगर कशाला टाकतेत? तितं काय पेरायचं असतंय?”

सारा वर्ग हसला. मलाही हसू आले. “अरे, तो नांगर वेगळा,” एवढे सांगून मी पुढचे वाक्य वाचले. पण घरी आल्यावर मनाला टोचणी लागली. तो वेगळा म्हणजे कसा? लोखंडाचा आकडा जहाजाला बांधून पाण्यात सोडतात, यापलीकडे मला तरी कोठे काय ठाऊक होते? निलंग्यापासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटर दूर. आमचे पाणी म्हणजे तेरणा आणि मांजरा. इतिहास म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे घोडा येतो, गड येतो, फार तर तोफ येते. गलबत आलेच तर ते चित्रातले. आणि चित्रातल्या गलबताला नांगर टाकावा लागत नाही!

त्या पोराच्या प्रश्नाने मला समुद्राकडे नेले. पुस्तके मिळतील तेवढी वाचली आणि एका हिवाळ्यात, साठवलेली रजा काढून, अलिबागजवळच्या थळ गावी जाऊन पोचलो. समोर खांदेरीचे बेट दिसत होते. किनाऱ्यापासून ते सुमारे पाच किलोमीटर, आणि त्याच्या अलीकडे, जमिनीला बिलगल्यासारखे, उंदेरीचे धाकटे बेट. सकाळचे आठ वाजले होते. एका म्हाताऱ्या तांडेलाशी आदल्या दिवशीच ठरवून ठेवले होते. पण जाऊन पाहतो तो त्याची होडी चिखलात आडवी झालेली आणि तांडेल स्वस्थपणे जाळे विणीत बसलेला.

“निघायचं ना?” मी घाईने विचारले.

“आता नाय, मास्तर. पानी सुकलंय. आज तृतीया. सव्वादोनला भरती पुरी होईल. बाराला निघू.”

माझा जरा हिरमोड झाला. मी घड्याळ पाहत होतो, तो तिथी पाहत होता. मराठवाड्यातही आपण तिथी पाहतो, नाही असे नाही. पण ती एकादशीला, संकष्टीला, लग्नाच्या मुहूर्ताला. कोकणचा दर्यावर्दी तिथीवरून पाणी मोजतो. त्याचा हिशेब असा: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरती पुरी होण्याची वेळ निघते. तृतीयेला तीनाची पाऊणपट सव्वादोन. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला व अमावास्येला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडे अधिक. हे गणित मुंबई-अलिबागच्या किनाऱ्याचे आणि ढोबळ आहे खरे, पण कोळ्याच्या संसाराला तेवढे पुरते. पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला म्हणायचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराच्या मंद पाण्याला भांग. उधाणात मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी चार मीटरांहूनही अधिक चढते-उतरते. आमच्या गावची एक माडी पाण्याने दिवसातून दोनदा गिळावी आणि दोनदा ओकून टाकावी, तसे!

बारा वाजता होडी आपोआप तरंगू लागली आणि आम्ही निघालो. बेट जवळ आले तसे म्हाताऱ्याने इंजिन मंद केले, पाण्याकडे नजर लावली आणि एका जागी नांगर सोडला. पाणी दोन-तीन पुरुषच असेल, पण दोरी मात्र त्याने कितीतरी अधिक सोडली.

“एवढी दोरी कशाला?” मी विचारले.

तो हसला. “आखूड दोरी नांगर उपटती, मास्तर. लांब दोरी रोवती.”

हे वाक्य ऐकले आणि आमच्या वर्गातला तो मुलगा मला आठवला. कारण यातले मर्म त्याला माझ्याआधी समजले असते. जमिनीतल्या नांगराची हळस फार वर उचलली गेली की फाळ मातीतून सुटतो आणि बैल नुसतेच पुढे पळतात. ओढ जमिनीसरशी राहिली तर फाळ खोल जातो. पाण्यातल्या नांगराचेही तेच. तो आपल्या वजनाने जहाजाला धरून ठेवीत नाही. त्याचा आकडा तळाच्या मातीत रुतलेला असतो, म्हणून जहाज थांबते. दोरी पाण्याच्या खोलीच्या निदान चार-पाच पट असावी, म्हणजे ओढ आडवी राहते आणि वारा जितका जोर करील तितका आकडा घट्ट बसतो. दोरी आखूड पडली, की प्रत्येक लाट नांगराला वर खेचते. एक नांगर भुई फोडून पुढे जाण्यासाठी आणि दुसरा जागच्या जागी राहण्यासाठी, पण दोघांचेही काम एकच: मातीला धरणे. आपल्या भाषेने दोघांना एकच नाव दिले, यात तिची काहीच चूक नाही.

तेव्हा बेटांमध्ये नांगर टाकायचा तर पहिला प्रश्न, खाली माती कोणती? वाळू आणि घट्ट चिखल उत्तम. पातळ गाळ असला तर नांगर घसरतो. खडक असला तर आकडा एक तर धरतच नाही, नाही तर कपारीत असा अडकतो की दोरी कापून तो तिथेच सोडावा लागतो. पूर्वीचे खलाशी दोरीला शिशाचे वजन बांधून पाणी मोजीत आणि त्या वजनाच्या बुडाला चरबी लावीत, म्हणजे तळाची वाळू किंवा शिंपल्यांचा चुरा तिला चिकटून वर येई. डोळ्यांनी न दिसणारी भुई ते अशी बोटांनी चाचपून पाहत.

दुसरा प्रश्न, जहाजाला फिरायला जागा आहे का? नांगरलेले जहाज खुंट्याला बांधलेल्या बैलासारखे असते. वारा आणि पाणी पालटले की ते आपल्या दोरीइतका फेर घेते. त्या फेरात खडक आला किंवा दुसरे गलबत आले, तर घात झालाच. तिसरा प्रश्न, वाऱ्याचा. आपल्या या उष्ण समुद्रात वाऱ्याला वेळापत्रक असते. दिवसा जमीन तापते, तेव्हा समुद्रावरून खारे वारे येतात. रात्री जमीन आधी निवते, तेव्हा किनाऱ्यावरून मतलई वारे समुद्राकडे वाहतात. हे आपण पोरांकडून भूगोलाच्या तासाला पाठ करून घेतो, पण या दोन शब्दांवर एके काळी राज्यांचे निकाल लागत असत, हे सांगायचे राहून जाते. आणि या रोजच्या वाऱ्यांवर मोठा धनी आहे तो पावसाळी नैर्ऋत्य वारा. आगोट लागली, म्हणजे पावसाळ्याचे तोंड दिसू लागले, की कोकणची शिडे उतरत आणि गलबते खाड्यांत शिरत, ती नारळी पौर्णिमेनंतरच बाहेर पडत.

लक्षद्वीपसारख्या पोवळ्यांच्या बेटांत पाणी नितळ असते. तिथे सूर्य पाठीशी ठेवून एक माणूस उंच डोलकाठीवर चढवतात. गडद निळे म्हणजे खोल, हिरवट म्हणजे उथळ, तपकिरी म्हणजे वर आलेला खडक. सूर्य मावळला की हे पुस्तक मिटते. कॅप्टन कुकसारखा जगप्रसिद्ध दर्यावर्दी, पण १७७० सालच्या जूनमध्ये ऑस्ट्रेलियाजवळ रात्रीच्या वेळी त्याचे एंडेव्हर जहाज पोवळ्यांच्या खडकावर चढले. तोफा, दगड, सामानसुमान समुद्रात फेकून, भरतीची वाट पाहून, जवळ जवळ एक दिवसाने ते सुटले. आमच्या कोकणात तर पाणी गढूळ. रंग पाहून खडक कळायचा नाही. इथे उपयोगी पडते ती पिढ्यान्‌पिढ्यांची आठवण: अमुक टेकडी आणि तमुक देऊळ एका रेषेत आले की उजवीकडे वळावे, नाही तर खाली दगड आहे. मालवणजवळच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्ग बांधायला घेतला, तेव्हा ज्यांना ती वाट ठाऊक नाही त्यांच्यासाठी भोवतालचे खडक हाच पहिला तट होता.

आता खांदेरीकडे वळू. हे बेट मुंबईच्या दक्षिणेला सुमारे वीस किलोमीटरांवर. मुंबई बंदरात शिरणाऱ्या जहाजाला याच्या नजरेखालून जावे लागते. १६७२ साली महाराजांनी इथे तटबंदी करण्याचा एक प्रयत्न केला होता, पण इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी यांच्या विरोधामुळे तो सोडून द्यावा लागला. १६७९ साली पावसाळा सरत आला असताना मायनाक भंडारी दीडशेच्या सुमारास माणसे आणि थोड्या लहान तोफा घेऊन बेटावर उतरला आणि दगड-मातीची कमरेइतकीही नसेल अशी भिंत रचू लागला. वेळ पाहा कशी निवडली! समुद्र अजून खवळलेला. मोठी जहाजे अद्याप बिचकत होती, पण किनाऱ्याच्या होड्यांना ये-जा करता येत होती.

मुंबईकर इंग्रज खडबडून जागे झाले. त्यांनी गलबते पाठवून बेटाला वेढा घालायचे ठरवले. पहिली गलबते हवेने हैराण होऊन परतली. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प हा अधिकारी बेटावर उतरू पाहत होता, त्यात तो आणि त्याचे काही साथीदार मारले गेले. मग तोफांचे रिव्हेंज नावाचे मोठे जहाज आले. त्यावर कॅप्टन मिंचिन आणि कॅप्टन केग्विन होते. १८ ऑक्टोबरला पहाटे दौलतखानाच्या हुकमतीखाली मराठ्यांची साठेक गलबते किनाऱ्याकडून एकदम चालून आली. इंग्रजांची जहाजे मोजून आठ. त्यांतली डव्ह नावाची गुराब मराठ्यांनी धरली, बाकीची बहुतेक पांगली. पण रिव्हेंज एकटे भिडून राहिले आणि त्याच्या तोफांच्या माऱ्याने मराठी आरमाराला माघार घेऊन खाडी गाठावी लागली. काही गलबते बुडाली.

इथे आपण प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे की त्या दिवसाची लढाई इंग्रजांनी राखली. समोरासमोर उघड्या समुद्रात मोठ्या तोफांपुढे आपल्या छोट्या गलबतांचे चालले नाही. पण मग बेट कोणाचे झाले? बेट मराठ्यांचेच राहिले! आणि ते राहिले ते रात्रीमुळे.

डोळ्यांपुढे चित्र आणा. बेटाभोवती मोठी जहाजे नांगरून उभी आहेत. खडकांच्या भीतीने ती किनाऱ्याला लगटू शकत नाहीत. रात्र होते, मतलई सुटते. हा वारा जमिनीकडून बेटाकडे जाणारा, म्हणजे थळ-नागावच्या होड्यांच्या पाठीवर हात ठेवणारा. धान्य, पाणी, चुना, दारूगोळा भरलेल्या छोट्या होड्या दिवे न लावता, गुडघाभर जास्त पाण्यात तरंगणाऱ्या, खडकांच्या वरून सरकत जातात. वारा पडला तर वल्ही आहेतच. जहाजावरच्या पहारेकऱ्याला काही दिसले, तरी पाठलाग करायचा कसा? आधी नांगर उचलायला माणसे हवीत, मग शिडे चढवायला वारा हवा, आणि एवढे करून पुढे गेल्यावर खाली दगड. तोवर होड्या पोचलेल्या असत. रोज रात्री हेच. बेटावरची भिंत रोज सकाळी थोडी अधिक उंच दिसे. नोव्हेंबरअखेर सिद्दीचे आरमारही इंग्रजांना येऊन मिळाले, तोफा धडाडत राहिल्या, तरी बेट हलले नाही. अखेर खर्चाला आणि कष्टाला कंटाळून १६८० च्या जानेवारीत इंग्रजांनी वेढा उठवला. त्याच महिन्यात सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर तट घातला, आणि ही दोन बेटे पुढे किती तरी वर्षे एकमेकींवर डोळे वटारून बसली. इंग्रज त्यांना हेन्री-केनरी म्हणत. जणू दोन भांडखोर भाऊच!

मायनाक भंडाऱ्याचे आणि दौलतखानाचे नाव कागदात राहिले. पण त्या काळोखात सुकाणू धरणारे तांडेल कोण होते? त्यांच्यातल्या एकाचेही नाव आपल्याला सांगता येत नाही. खांदेरी त्यांनी राखली. त्यांच्याजवळ मोठी तोफ नव्हती, पण तळाचा प्रत्येक दगड त्यांना घरच्या उंबऱ्यासारखा ठाऊक होता.

हे शहाणपण दरबारातही पोचले होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या, १७१५ च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या आज्ञापत्रात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. आरमाराची पावसाळी छावणी किल्ल्याच्या आश्रयाच्या बंदरात करावी, दरवर्षी एकाच बंदरात करू नये, असा त्यातल्या सांगण्याचा सारांश. कान्होजी आंग्रे याच मुशीतले. १७१८ साली इंग्रजांनी खांदेरीवर पुन्हा मोठा हल्ला चढवला, तो फसला. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले. तेव्हा देशावरून बाजीरावांचे घोडदळ कान्होजींच्या मदतीला धावून गेले, आणि तीही मोहीम शत्रूच्या अंगाशी आली. घोडा आणि गलबत एकमेकांच्या पाठीशी उभे होते, तोवर किनाऱ्यावर कोणाची मात्रा चालली नाही.

पण वाचकहो, याच इतिहासाचे दुसरे पान वाचताना हात थरथरतो. कान्होजी १७२९ साली गेले. त्यांच्या मुलांत बेबनाव झाला. तुळाजी आंग्रे विजयदुर्गावर बसले, पुण्याशी त्यांचे पटेना. १७५५ साली पेशव्यांनी तुळाजींविरुद्ध मुंबईकर इंग्रजांशी करार केला. सुवर्णदुर्ग त्याच वर्षी पडला. १७५६ च्या फेब्रुवारीत अ‍ॅडमिरल वॉटसन मोठे आरमार घेऊन विजयदुर्गापुढे आला. बरोबर फौजेसह क्लाइव्ह होता.

वाघोटन खाडीच्या मुखाशी हा किल्ला उभा आहे. आत नांगरायला उत्तम जागा, पावसाळी वाऱ्यापासून आडोसा. तिथे तुळाजींचे जवळ जवळ सारे आरमार किल्ल्याच्या तोफांखाली, एकमेकांना खेटून, बांधून उभे होते. वाऱ्याच्या आणि लाटांच्या हिशेबाने त्याहून सुरक्षित जागा कोकणात नसेल. १२ फेब्रुवारीला इंग्रजांचा एक पेटता गोळा त्यांतल्या एका जहाजावर पडला. ते जहाज पूर्वी तुळाजींनी इंग्रजांकडूनच जिंकलेले होते, नाव रेस्टोरेशन. ते पेटले आणि त्याची आग शेजारच्याला, त्याची त्याच्या शेजारच्याला, अशी लागत गेली. बांधलेल्या जहाजाला पळता येत नाही. पाहता पाहता पिढ्यांनी उभारलेले आरमार खाडीत जळून गेले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. तुळाजी कैदेत पडले आणि कैदेतच मेले.

त्या रात्री आगीच्या उजेडात जहाजांबरोबर आणखी काय जळाले, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. खांदेरीला अंधारातून होड्या नेणाऱ्यांचे नातू-पणतू त्या गलबतांवर असतील. त्यांचे ज्ञान कोणी लिहून ठेवले नव्हते. ते हातात होते, आणि हातांना काम उरले नाही. पुण्याला वाटले, एक हट्टी सरदार वठणीवर आला. पण किनाऱ्याचा नांगरच उपटला गेला होता. दोरी आखूड झाली होती. घरातली ओढ आडवी राहिली नाही, ती वर खेचू लागली. मग नांगर सुटायला किती वेळ?

आज खांदेरीवर १८६७ साली बांधलेला दीपस्तंभ उभा आहे. १९९८ साली बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे समुद्राशी नाते सांगणारे किल्लेही आहेत. विजयदुर्ग-सिंधुदुर्गाजवळच्या पाण्यात जुने दगडी नांगर सापडले आहेत. ज्यांची नावे राहिली नाहीत त्यांचे नांगर राहिले.

रजेवरून परतल्यावर मी सहावीच्या वर्गात गेलो आणि त्या मुलाला उभे केले. म्हटले, “तुझा प्रश्न बरोबर होता, मीच उत्तर द्यायला चुकलो. सांग पाहू, हळस फार वर उचलली तर काय होतं?”

“फाळ निघतोय की, गुरुजी.”

“मग समुद्रातल्या नांगराची दोरी आखूड ठेवावी की लांब?”

त्याने क्षणभर विचार केला. “लांब,” तो म्हणाला. सारा वर्ग त्याच्याकडे पाहू लागला. चारशे किलोमीटर दूरच्या समुद्रातली गोष्ट निलंग्याच्या काळ्या रानातून त्याला कळली होती!

या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला तुम्ही दारात पणत्या लावाल, तेव्हा कोकणच्या किनाऱ्यावर उधाण असेल. मध्यरात्रीच्या सुमारास पाणी पुरे चढेल आणि खांदेरीभोवतीचे दगड झाकून टाकील. त्या दगडांवरून बिनदिव्यांच्या होड्या गेल्या होत्या. एक पणती त्यांच्या नावाने लावावी. नाव ठाऊक नसले, तरी उजेड पोचतो.